फेलिसिटी केंडल यांची ओळख त्यांच्या कामानं करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमधल्या ‘इंडियन इंक’ या नाटकाची छोटी बातमी वाचली. मथळा होता, ‘शशी कपूर यांच्या मेहुणीचे रंगभूमीवर पुनरागमन’. फेलिसिटी केंडल हे नाव सापडायला मला तिसऱ्या ओळीपर्यंत जावं लागलं. एका परक्या मुलखातल्या नाटकाची बातमी आपण छापलीत, याचा आनंद आहे. पण तो मथळा वाचल्यापासून चैन पडत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी मराठी व्यावसायिक रंगभूमीवर ३१ वर्षं कपडेपट सांभाळला. इस्त्री, हूक, टाके, विंगेतले चेंज आणि दौऱ्यातल्या ट्रंका यांत माझं आयुष्य गेलं. नट-नट्यांची कामं मी समोरून फार कमी पाहिली, विंगेतून मात्र हजारो वेळा पाहिली. त्यामुळे कोणाचं काम खरं आणि कोणाचं वरवरचं, हे मला कळतं असं मी मानते. फेलिसिटीबाईंबद्दल लिहायचा माझा अधिकार एवढाच. (आमच्या नाटकात वडीलधाऱ्या नटीला ‘बाई’ म्हणतात, म्हणून मी त्यांनाही तसंच म्हणणार.)

आधी ‘पुनरागमन’ या शब्दाबद्दल. ज्या बाई रंगमंचावरून कधी गेल्याच नाहीत, त्या परत कशा येतील? २०२१ च्या उन्हाळ्यात त्या लंडनच्या बार्बिकन थिएटरमध्ये ‘एनिथिंग गोज’ या संगीत नाटकात उभ्या होत्या. २०२३ च्या सुरुवातीला फिनिक्स थिएटरमध्ये ‘नॉइजेस ऑफ’ करत होत्या. तेव्हा त्यांचं वय ७६ होतं, आणि तो प्रयोग मी स्वतः पाहिला आहे.

माझी भाची हॅरोला राहते. मी निवृत्त झाल्यावर तिनं मला महिनाभर बोलावून घेतलं आणि विचारलं, मावशी, लंडनमध्ये काय बघायचं? मी म्हटलं, एक नाटक दाखव, बाकी काही नको. तिनं सगळ्यात वरच्या मजल्यावरची स्वस्तातली दोन तिकिटं काढली. ‘नॉइजेस ऑफ’ हे मायकेल फ्रेन यांचं नाटक एका फिरत्या कंपनीबद्दल आहे. पहिल्या अंकात तालीम चालू असते, दुसऱ्या अंकात सगळा सेट उलटा फिरवतात आणि आपल्याला विंगेतून तोच प्रयोग दिसतो, तिसऱ्या अंकात दौऱ्याच्या शेवटी त्याच प्रयोगाची दाणादाण उडालेली दिसते. दुसरा अंक सुरू झाला आणि माझा घसा दाटून आला. आयुष्यभर मी जिथून नाटक पाहिलं, ती जागा कोणीतरी प्रेक्षकांकडे तोंड करून मांडली होती.

फेलिसिटीबाई त्यात डॉटी ऑटली झाल्या होत्या. ही डॉटी म्हणजे कंपनीतली एक मुरलेली नटी, आणि ती नाटकातल्या नाटकात घरकाम करणारी बाई होते. सुरुवातच तिच्यापासून आहे. हातात सार्डिन माशांची बशी घेऊन ती येते, फोन उचलते, आणि जाताना बशी ठेवायची की न्यायची, रिसीव्हर जागेवर ठेवायचा की नाही, वर्तमानपत्र न्यायचं की नाही, यात तिचा घोळ होतो. दिग्दर्शक प्रेक्षागृहातून ओरडत राहतो. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण खोटी चूक रोज रात्री नेमक्या त्याच क्षणी, त्याच पावलावर करणं हे खरं बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. बशी अर्धा सेकंद आधी खाली गेली तर हशा मेला. मी सवयीनं आधी कपडे बघते, पण त्या दिवशी त्यांच्या हातांवरून माझी नजर हलली नाही. रिसीव्हर डाव्या उजव्या हातांत जाताना डॉटी गोंधळलेली होती आणि फेलिसिटीबाई अजिबात गोंधळलेल्या नव्हत्या, हे दोन्ही वरच्या मजल्यावरून स्वच्छ दिसत होतं.

हे हात कुठे तयार झाले, ते मला आपल्या वाचकांना सांगायचं आहे. ते आपल्या देशात तयार झाले.

त्यांचा जन्म इंग्लंडचा, २५ सप्टेंबर १९४६. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल हे दोघं ‘शेक्सपिअराना’ ही नाटक कंपनी चालवत. नऊ महिन्यांच्या असताना ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं मूल म्हणून त्यांना उचलून रंगमंचावर नेलं, ती त्यांची पहिली एंट्री. सात वर्षांच्या झाल्यावर त्या भारतात आल्या. आज एखाद्या संस्थानिकापुढे प्रयोग, उद्या शाळेच्या हॉलमध्ये, परवा आणखी कुठे. कंपनी फिरायची तशी शाळा बदलायची. सहा वेगवेगळ्या लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये त्यांचं शिक्षण झालं, आणि सतरा वर्षांच्या असताना कलकत्त्यात त्यांना विषमज्वर झाला.

नऊ महिन्यांच्या त्या एंट्रीचं वाचताना मला आमचा कणकवलीचा मुक्काम आठवला. आमच्या नाटकातल्या मुख्य नटीचं सात महिन्यांचं बाळ दौऱ्यावर बरोबर होतं. पाळणा कुठून आणणार? मी शालूंची ट्रंक रिकामी केली, तळाला जुनी नऊवारी चौघडी करून घातली आणि झाकणाच्या बिजागरीत लाकडी हँगर अडकवून ठेवला, चुकून झाकण पडायला नको म्हणून. पहिली घंटा झाली तरी ते जागं, दुसरी घंटा झाली तरी जागं. तिसरी घंटा झाली, पडदा गेला, आईचा आवाज रंगमंचावरून आला आणि बाळ झोपलं. रोज तसंच. घरी गेल्यावर त्याला झोपवणं अवघड झालं, असं त्याची आई नंतर सांगायची. फेलिसिटीबाई अशा मुलांपैकी आहेत. दौऱ्यात वाढलेली माणसं मला लांबून ओळखू येतात. कुठल्याही नव्या खोलीत शिरल्यावर भिंतीला खिळा कुठे आहे, ते त्यांना सगळ्यात आधी दिसतं. प्रयोग होणार की नाही, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

आणि शेक्सपिअर गावोगाव नेण्याचं वेड आपल्याला नवं नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ हे हॅम्लेटचं मराठी रूप छापलं, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो हॅम्लेट असा उभा केला की आमच्या धंद्यातली जुनी माणसं त्यांचं नाव कानाची पाळी पकडून घेत. केंडल कुटुंबाकडे मी त्याच नात्यानं बघते. ती फिरस्ती माणसं होती, ट्रंका उचलणारी.

१९६५ साली ‘शेक्सपिअर वाला’ हा चित्रपट आला. जेम्स आयव्हरी यांचं दिग्दर्शन, आपल्या मुंबईच्या इस्माइल मर्चंट यांची निर्मिती, रूथ प्रवर झाबवाला यांची पटकथा, सत्यजित राय यांचं संगीत. भारतात फिरणाऱ्या इंग्रजी नाटक कंपनीची ही गोष्ट केंडल कुटुंबाच्या आयुष्यावरूनच सुचलेली. आई-वडील कंपनीचे चालक झाले आणि फेलिसिटीबाई त्यांची मुलगी लिझी. शशी कपूर त्यात नायक आहेत, आणि मधुर जाफरी यांना त्यातल्या सिनेनटीच्या भूमिकेसाठी बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. लिझी शेवटी बोटीनं इंग्लंडला जाते. फेलिसिटीबाईही त्याच सुमारास इंग्लंडला गेल्या. ज्या देशाला त्या मायदेश म्हणत, त्याची त्यांना फारशी ओळखच नव्हती.

तिथे त्यांनी कामाला सुरुवात केली. १९६६ साली टीव्हीवरच्या एका नाटकात जॉन गिलगुड या नामवंत नटाबरोबर काम मिळालं, १९६७ साली लंडनच्या रंगमंचावर पहिलं पाऊल पडलं. मग छोटी-मोठी कामं. १९७४ साली एलन एकबर्न यांच्या ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ या तीन नाटकांच्या मालिकेत त्या ॲनी झाल्या. त्या नाटकातलं काम पाहून त्यांना आणि पेनेलपी कीथ यांना बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ या मालिकेत घेतलं गेलं.

या मालिकेच्या डीव्हीडी भाचीनं मला दिल्या, आणि मी त्या दोन पावसाळ्यांत तीनदा पाहिल्या आहेत. १९७५ ते १९७८ या काळात एकूण ३० भाग झाले. टॉम गुड हा न्याहारीच्या पाकिटांत घालायच्या खेळण्यांची डिझाइन करणारा माणूस चाळिसाव्या वाढदिवशी नोकरी सोडतो आणि लंडनजवळच्या सर्बिटन या आबदार उपनगरात बायकोला घेऊन स्वतःपुरतं सगळं स्वतः पिकवायचं ठरवतो. अंगणात बटाटे, डुकरं, कोंबड्या, जेराल्डिन नावाची शेळी. टॉम म्हणजे रिचर्ड ब्रायर्स, आणि बार्बरा म्हणजे फेलिसिटीबाई.

तिथे बायकोचं काम नुसतं नवऱ्याच्या मागे हसत उभं राहण्याचं होऊ शकलं असतं. लिखाणात ती जागा होती. पण बाईंनी ते होऊ दिलं नाही. बार्बराचे कपडे बघा. ढगळ स्वेटर, डांगरी, गमबूट. कपडेपटवाल्या बाईला असे कपडे डोकेदुखी असतात, कारण नटी त्यात शोभून दिसायला बघते आणि मग कपडे खोटे पडतात. फेलिसिटीबाई त्या कपड्यांत वावरतात तेव्हा कोपर चिखलात घालायला त्यांना काही वाटत नाही, बाही त्या दातांनी वर ओढतील असं वाटतं. हे दिग्दर्शक शिकवू शकत नाही. तंबूपासून राजवाड्यापर्यंत मिळेल त्या जागी कपडे बदललेल्या मुलीलाच ते येतं. एका भागात घरात हातमाग येतो, तो भाग मी बहुतेक पाच वेळा पाहिला असेन.

मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या शेवटच्या भागात टॉम-बार्बरा आपल्या या उद्योगाचा वाढदिवस साजरा करून घरी येतात आणि कोणीतरी घर फोडून सगळी नासधूस केलेली असते. हसवणारी मालिका, पण त्या क्षणी कोणी हसत नाही. बार्बरा खचते. आता पुरे, असं तिला वाटतं. मी डोंबिवलीतल्या माझ्या घरात एकटी बसून ते बघत होते आणि मला वाटलं, तीन वर्षं जिनं आपल्याला हसवलं तिला रडण्याचा हक्क आहे. बाईंनी तो हक्क फार जपून वापरला आहे, आवाज न चढवता. सगळ्यात शेवटचा, तिसावा भाग १९७८ साली इंग्लंडच्या राणीसमोर चित्रित झाला. मालिकेतल्या घराचं बाहेरचं चित्रण झालं ते नॉर्थवुड भाचीच्या घरापासून जवळ आहे, पण मी तिथे गेले नाही. लोक राहतात तिथे.

इतक्या लोकप्रिय भूमिकेनंतर नटीचं बार्बरा म्हणून लोणचं घालतात. फेलिसिटीबाईंनी ते घालू दिलं नाही, आणि याबद्दल मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर आहे. ‘द गुड लाइफ’ संपल्यावर दीड वर्षाच्या आत त्या नॅशनल थिएटरमध्ये ‘अमेडिअस’च्या पहिल्या प्रयोगांत संगीतकार मोत्सार्टची बायको कॉन्स्टान्झ झाल्या. १९८० साली बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेत ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला केली. वडिलांच्या कंपनीतलं शेक्सपिअरचं बोलणं त्यात ऐकू येतं, ओळ पाठ म्हटल्यासारखी नाही, आत्ता सुचल्यासारखी येते. नंतर ‘सोलो’ आणि ‘द मिस्ट्रेस’ या मालिकांत कार्ला लेन यांनी लिहिलेल्या एकट्या, अडचणीत सापडलेल्या बायका केल्या. ‘द मिस्ट्रेस’मध्ये त्या विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडलेली बाई झाल्या. बार्बरावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांपुढे ही भूमिका न्यायला धाडस लागतं. १९८९ साली त्यांना ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या वर्तमानपत्राचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

टॉम स्टॉपर्ड यांच्या नाटकांत त्यांनी जे काम केलं ते वेगळं सांगायला हवं. ‘द रिअल थिंग’ (१९८२), ‘हॅपगुड’ (१९८८), ‘आर्केडिया’ (१९९३), ‘इंडियन इंक’ (१९९५), या सगळ्यांच्या पहिल्या लंडन प्रयोगांत त्या होत्या. स्टॉपर्ड यांचंही काही बालपण भारतात, दार्जिलिंगला गेलं. त्या दोघांच्या खासगी आयुष्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. मला त्यात रस नाही आणि आपणही तिकडे जाऊ नये असं वाटतं. एका नाटककाराला इतकी वर्षं एकाच नटीच्या तोंडी आपली वाक्यं द्यावीशी वाटली, यात सांगण्यासारखं सगळं आलं.

२००३ पासून काही वर्षं ‘रोझमेरी अँड थाइम’ ही मालिका चालली. दोन माळीणबाई बागा दुरुस्त करता करता खून उकलतात. फेलिसिटीबाई तेव्हा ५६-५७ वर्षांच्या, आणि जोडीला पॅम फेरिस. कथा सरळसोट आहेत, मला फार आवडल्या असं नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायकांच्या जिवावर एक रहस्यमालिका चालली, याचं मोल मला कळतं. आपल्याकडे त्या वयाच्या नटीच्या वाट्याला काय येतं, ते मी कपडेपटातून पाहिलं आहे. सुती साडी, चष्मा आणि देवघर.

आता ‘मेहुणी’ या शब्दाकडे येते.

शशी कपूर यांचं मोठेपण मी नाकारत नाही. ते तरुणपणी शेक्सपिअरानात नट म्हणून उभे राहिले, त्याच कंपनीतल्या जेनिफर केंडल यांच्याशी त्यांनी १९५८ साली लग्न केलं. पण मेहुणी म्हटलं की मधली बाई दिसेनाशी होते. ती बाई म्हणजे फेलिसिटीबाईंची थोरली बहीण. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ साली उभं राहिलं ते शशी कपूर आणि जेनिफरबाई या दोघांनी. प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात असं ते दोनशे माणसांचं घर. तिथलं पहिलं नाटक आपल्या गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. त्यात नसीरुद्दीन शाह होते, आणि नसीर यांनी नाटकाची पहिली ठिणगी कुठे मिळाली ते स्वतः सांगितलं आहे. नैनितालच्या शाळेत पाहिलेले जेफ्री केंडल यांचे प्रयोग. सासऱ्याची कंपनी शाळेत जाते, एक मुलगा बघतो, तो मुलगा मोठा होऊन मुलीच्या थिएटरचा पडदा उघडतो, आणि नाटक मराठी माणसाचं असतं. हे सगळं आपल्या शहरात झालं आहे.

दोघी बहिणी एकाच कंपनीत शिकल्या. एक इंग्लंडला गेली, तिला आठवड्याच्या आठवड्याला लाखो घरांत जायला मिळालं. दुसरी मुंबईत राहिली, आणि इथल्या चित्रपटांत तिच्यासाठी भूमिकाच नव्हत्या. मोजके चित्रपट मिळाले. त्यातल्या ‘३६ चौरंगी लेन’मधली एकटी, वय झालेली शिक्षिका ज्यांनी पाहिली, ते ती विसरलेले नाहीत. १९८४ साली कर्करोगानं त्या गेल्या. पन्नाशी नुकती उलटली होती. फेलिसिटीबाईंची कारकीर्द बघताना मला दर वेळी दुसरीही दिसते, तेवढीच लांब होऊ शकली असती अशी.

म्हणून हॅम्पस्टेडच्या नाटकाची बातमी ही साधी बातमी नाही. १९९५ साली ‘इंडियन इंक’मध्ये फेलिसिटीबाईंनी फ्लोरा क्रू ही तरुण इंग्रज कवयित्री केली होती. फ्लोरा १९३० साली भारतात येते, इथला एक चित्रकार तिचं चित्र काढतो, आणि ती इथेच मरते. नाटकातल्या दुसऱ्या काळात तिची धाकटी बहीण एलेनॉर स्वॉन म्हातारी झालेली आहे, आणि घरी आलेल्या माणसांपुढे थोरल्या बहिणीची पत्रं, तिच्या आठवणी उलगडते. १९९१ साली हेच कथानक रेडिओवर झालं तेव्हा ती धाकटी बहीण पेगी ॲशक्रॉफ्ट होत्या. १९९५ साली रंगमंचावर मार्गारेट टायझॅक होत्या. या वेळी ती भूमिका फेलिसिटीबाईंकडे आहे. तीस वर्षांपूर्वी ज्या फ्लोरा होत्या, त्या आता फ्लोराची आठवण सांगणारी बहीण आहेत, ७९ व्या वर्षी. स्टॉपर्ड यांचं निधन नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस झालं आणि लगोलग डिसेंबरात हे प्रयोग सुरू झाले. एवढं सगळं समोर असताना मथळ्यात ‘मेहुणी’ यावं, हे मला खरंच लागलं.

आपल्याला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी त्यांचा फोटो छापाल तेव्हा खाली ‘फेलिसिटी केंडल, अभिनेत्री’ एवढं छापा. जागा उरली तर ‘शेक्सपिअराना नाटक मंडळी’ हेही लिहा.

भाचीनं हॅम्पस्टेडचं तिकीट काढलं आहे. नाटकात स्वॉनबाई पाहुण्यांना चहा आणि केक देतात. मी भाचीला फोनवर सांगून ठेवलं आहे, चेहऱ्याकडे सगळे बघतील, तू बशीकडे बघ, आणि त्या ती कधी खाली ठेवतात ते मला सांग.

आपली नम्र,
एक निवृत्त कपडेपटवाली,
डोंबिवली (पूर्व)